दोन कुंपणांच्या मधली तीन हात जागा

"ओ पावणं! काय उचलतायसा तितं?"

सौंदर्यानं बांधावरनंच आवाज दिला, आन् जास्वंदीच्या मागं गुडघ्यावर बसलेला माणूस असा दचकला की हातातली डबी उडून लांब चिखलात पडली.

श्रावणातली सकाळ हुती. पाऊस न्हाय आन् धुकं न्हाय असं मधलंच काय तरी वरनं भुरभुरत हुतं. माणूस उभा राह्यला. उंच, किडमिडीत, गुडघ्यापतोर चिखल, आन् चष्म्यावर इतकं पाणी की समोर पोरगी हाय का म्हस हाय तेबी त्येला दिसत नसणार.

"मी... ते... लेंड्या गोळा करतोय," त्यो म्हणाला.

"काय?"

"लेंड्या. हरणाच्या. म्हंजे सांबराच्या असाव्यात... आकारावरनं."

बघा आता. पोरगा पोरगीला पयल्यांदा भेटतो तवा काय बोलतो, ह्येचे मी लई नमुने ऐकल्यात. कुणी नाव विचारतंय, कुणी किती वाजलं विचारतंय. आमच्या मालकांनी मला बघायला आल्यावर विचारलं हुतं, "तुमची म्हस दूध किती देती?" पर लेंड्या? ते सौंदर्याच्याच नशिबात लिवलेलं.

मी नीलम्मा, सौंदर्याची अज्जी. मला जरा वाढवून सांगायची सवय हाय असं घरातली म्हणत्यात. म्हणून आधीच सांगते, ह्या गोष्टीतलं सांबर मी सांगते त्याच्या निम्मं समजा. बाकी सगळं सोळा आणे खरं. मी तवा गोठ्याच्या दारात हुते, आन् माझं कान असं की हितं बसून गडहिंग्लजच्या बाजारातला भाव ऐकू यायचा.

तर एकोणीसशे नव्याण्णव साल. गडहिंग्लजपास्नं चार कोसावर, डोंगराच्या पायथ्याला आमचं रान. सौंदर्या शेतीचा डिप्लोमा करून आलती, आन् बापाच्या मागं लागून तिनं वीस गुंठ्यात नर्सरी काढलीती. गुलाब, जास्वंद, शेवंती, कुंपणाची मेंदी, शोभेची झाडं. कोल्हापुरात तवा नवं नवं बंगलं उठत हुतं, आन् बंगलेवाल्यास्नी दारात बाग पायजे हुती. पोरीचं बरं चाललंतं. पर आषाढ लागला आन् कोण तरी डोंगरावरनं यायला लागलं. रोज उठावं तर गुलाबाचं शेंडं गायब. जास्वंदीचा नुसता खराटा. एक दिवस तर बंगल्यासाठी काढून ठेवलेली तीस रोपं पिशवीसकट आडवी.

बसलिंगाप्पा, म्हंजे माझा लेक, सौंदर्याचा अप्पा, ऊसवाला माणूस. त्यो म्हणाला, "दसऱ्यापतोर बघतो. तवर हे थांबलं तर ठीक, न्हायतर नर्सरी मोडायची आन् ऊस लावायचा. उसाला निदान राखण तरी करता येती." बसलिंगाप्पा एकदा बोलला की दगडावरची रेघ. पोरगी त्या दिसापास्नं जेवताना पण डोंगराकडं बघून जेवायची.

म्हणून ती त्या पावण्याजवळ तरातरा गेली. डबी उचलली, उघडून बघितली, आन् परत झाकण लावलं.

"खरंच लेंड्याच हायत की!"

"मग खोटं कशाला बोलू? मी सोमेश. कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. युनिव्हर्सिटीत शिकतोय. पावसाळ्यात हरणं काय काय खातात त्येच्यावर लिवायचंय मला."

"त्येला लेंड्या कशाला फोडायच्या? मला विचारा की. माझं गुलाब खात्यात, माझी जास्वंद खात्यात, माझी झोप खात्यात. लिवून घ्या."

सोमेश हसला. चष्मा काढून शर्टाला पुसला. बिनचष्म्याचा बरा दिसत हुता. मला न्हाय, सौंदर्याला. मला तवा लांबचं धड दिसत न्हवतं.

"हे सगळं सांबरानंच खाल्लंय कशावरनं?" तिनं विचारलं. "ससाबी असंल."

त्येनं खाल्लेली एक फांदी वाकवून तिच्या डोळ्याम्होरं धरली. "ससा सुरी मारल्यागत तिरकं कापतो. हे टोक बघा, चिंध्या झाल्यात का न्हाय? हरणाला वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात. खालच्या दातानं धरायचं, आन् हिसका मारून तोडायचं."

"दात नसत्यात?" सौंदर्या त्या टोकाकडं बघतच राह्यली. पोरीला लहानपणापास्नं असंच. नवीन काय ऐकलं की डोळं भाकरीएवढं. "आन् गुलाबाचं काटं?"

"काटं चालतात त्यास्नी."

"आमच्या अज्जीला पण पुढं दात न्हाईत. ती भाकरी कुस्करून खाती. लोकाचं गुलाब खात हिंडत न्हाय."

मी गोठ्यातनं खाकरले. त्या दोघांनी ऐकलं न्हाय. तवापास्नंच ऐकणं बंद झालंतं त्येंचं.

"एक सांगा," सौंदर्या म्हणाली, "तुमी कुणाच्या बाजूचं? माझ्या का हरणाच्या?"

"खरं सांगू? ...हरणाच्या."

"मग ठेवा ती डबी खाली. रान माझं हाय, रानातल्या लेंड्या माझ्या."

"अवो, असं काय करताय—"

"न्यायच्या असतील तर एका डबीला एक युक्ती. हरीण कसं थांबवायचं ते सांगायचं आन् मग न्यायचं. हाय कबूल?"

सोमेशनं डोंगराकडं बघितलं. डबीकडं बघितलं. शेवटी तिच्याकडं बघितलं, आन् ते बघणं जरा लांबलं.

"कबूल की," त्यो म्हणाला.

*

मग दर आयतवारी यायचं सुरू झालं. शनवारी गडहिंग्लजला मित्राच्या खोलीवर वस्ती, आन् उजाडायच्या आत त्या मित्राची सायकल मारत आमच्या रानात. ब्रेक न्हवता सायकलीला. दर खेपेला मेंदीत घुसून थांबायचा.

पयली युक्ती केसांची. माणसाचा वास आला की हरीण बिचकतंय म्हणं. त्येनं न्हाव्याच्या दुकानातनं पोतंभर केस आणलं, दोघांनी मिळून बांधाला टाकलं. दोन दिस हरीण आलं न्हाय. तिसऱ्या दिवशी वारं सुटलं, आन् निम्म्या गडहिंग्लजची दाढी-मिशी आमच्या परड्यात. बसलिंगाप्पाच्या ताकात केस निघाला तवा त्येनं फक्त एवढंच विचारलं, "कुणाचा हाय ते तरी सांगा."

दुसरी युक्ती फवाऱ्याची. "नासकी अंडी पाण्यात कालवून मारायची," सोमेश म्हणाला, आन् सौंदर्यानं त्येच्याकडं असं बघितलं की त्यो तितंच थांबला.

"घरात अंडं आणलं तर अप्पा मला आन् अंड्याला एकदमच भाईर काढतील. आन् तुमच्या घरात चालतंय व्हय?"

"न्हाय... आमच्यातबी न्हाय चालत. आमीबी लिंगायतच, गळ्यात लिंग हाय माझ्याबी. पुस्तकात लिवलंतं म्हणून म्हणालो."

"पुस्तक लिवणाऱ्याला आमचा अप्पा म्हाईत न्हवता."

मग आंबाट ताक, लसूण आन् लवंगी मिरची असा काढा केला. वास असा, असा, की डोंगरावरची माकडं गाव सोडून कर्नाटकात गेली. (बरं, दोन माकडं गेली.) ह्या काढ्यावर हरीण आठ दिस थांबलं. नवव्या दिवशी आलं आन् चव बदलल्यागत जास्तच खाऊन गेलं.

"त्यास्नी सवय हुती," सोमेश म्हणाला. त्यो त्या खाल्लेल्या गुलाबाजवळ उकिडवा बसलाता. "कुठल्याबी गोष्टीची सवय हुती. आठ-दहा दिसात."

"माणसाला?" सौंदर्यानं विचारलं. सहज. झाडाच्या बुंध्यातलं गवत उपटत.

"...माणसाला कशाची?"

"ते मला काय म्हाईत. शिकलेलं तुमी."

सोमेशनं चष्मा पुसायला घेतला. पर त्या आयतवारी लेंड्यांची डबी विसरून गेला, आन् ती न्यायला बुधवारीच परत आला. दोन तासाचा एस.टी.चा प्रवास, लेंड्यांसाठी!

*

तिसरी युक्ती मातूर खरी निघाली.

"सांबर उंच उडी मारतंय," सोमेशनं मातीत काडीनं चित्र काढलं. "लांबबी मारतंय. पर एकाच उडीत उंच आन् लांब, दोन्ही जमत न्हाय. म्हणून दोन कुंपणं घालायची. छातीएवढी. एकाच्या आत एक, मधी तीन हात जागा. पयल्या कुंपणापलीकडं लगेच दुसरं दिसलं, की त्येला कळत न्हाय आपुन उतरायचं कुठं."

"म्हंजे घाबरतंय?"

"घाबरत न्हाय. इचार करतंय. आन् इचार करत बसलं की उडी राहून जाती."

सौंदर्या त्या चित्राकडं बघत म्हणाली, "माणसाचंबी तसंच असतंय की."

ह्यावेळी सोमेशच्या हातातली काडी मोडली.

आता दोन-दोन कुंपणाला तार कुठली? बसलिंगाप्पा तर दसऱ्याकडं डोळा लावून बसलेला, त्यो नव्या तारंला हात लावू देणार न्हवता. तवा मी म्हणाले, साड्या लावा की. आमच्यात शेताला जुन्या साड्या बांधत्यातच. वाऱ्यावर हलत्यात, रंग दिसतोय, जनावराला वाटतंय माणसंच हुबी हायत. मी माझी ट्रंक उघडली. सौंदर्याच्या अव्वानं, म्हंजे माझ्या सुनंनं, तिच्या काढल्या. तरी साठ-पासष्ट लागणार हुत्या. पुढच्या आयतवारी सोमेश मंगळवार पेठेतनं हे एवढं गाठुडं घेऊन आला. आईच्या, काकूच्या, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या जुन्या साड्या. सायकलीवर त्यो दिसतच न्हवता. लांबनं वाटत हुतं, गाठुडंच पायडल मारत आलंय.

दोन आयतवार लागलं. बांबू रवलं, साड्या ताणून बांधल्या, जमिनीपास्नं वीतभर वर, म्हंजे पाण्यानं कुजू नयेत. लाल, मोरपंखी, अबोली, बुट्ट्याची, चौकड्याची. रस्त्यावरनं जाताना एस.टी. हळू व्हायची. एकदा तर एक बाई सेल लागलाय समजून उतरली आन् अबोली साडीचा पदर चाचपून विचाराय लागली, "ही केवढ्याला?" खोटं सांगत असंन तर माझी जीभ झडो.

आन् मग ती तीन हात जागा.

साड्या सैल पडत्यात. गाठी सुटत्यात. त्या रोज बघायला लागत्यात. म्हणून सोमेश आला की दोघं त्या मधल्या बोळातनं एक फेरी मारायची. मी बांधावर शेंगा फोडत बसायचे. मला दोन्हीकडच्या साड्यांमुळं माणसं दिसायचीच न्हाईत. दिसायचं काय? वीतभर जागेतनं फक्त पाय. एक जोड निळ्या स्लिपरांचा, एक जोड चिखलानं भरलेल्या बुटांचा.

ह्या चार पायांनी मला जे सांगितलं ते तोंडांनी कधी सांगितलं नसतं.

पयल्या दिशी बूट पुढं, स्लिपर चार हात मागं. दुसऱ्या दिशी दोन हात. तिसऱ्या दिशी बूट थांबलं, स्लिपर यायची वाट बघत. मग एकदा बुटांची टोकं मागं वळली, स्लिपरांकडं, आन् तशीच राह्यली. मी एक शेंग फोडली. दुसरी फोडली. मूठभर फोडून झाल्या तरी चारी पाय जाग्यावर.

"ही गाठ कुणी बांधली?" साड्यांमागनं सौंदर्याचा आवाज.

"मी."

"अशी बांधत्यात व्हय? हिला वढलं की सुटती."

"मग दाखवा कशी बांधायची."

"हात द्या हिकडं... असा. अवो, सैल सोडा की जरा, मी काय चावणार हाय?"

"तुम्हाला वरचं दात हायत का?"

"हायत! दोन्हीकडचं हायत!"

आन् मग हसणं. वाऱ्यानं साड्या फुगल्या, खाली बसल्या. उजवी स्लिपर हळूच बुटावर चढली. चुकून. न्हाय, चुकूनच म्हणू आपुन.

*

भादव्यात एक दिस दोघं म्हणाली, खरंच काम करतंय का ते डोळ्यानं बघू. उजाडायच्या आधी बागेतल्या राखणीच्या झोपडीत बसलो, मी मधी. पोरीसंगट कुणी तरी पायजे की. मी पाचव्या मिनटाला घोरायला लागले. मला घोरायचं सोंग लई छान येतंय.

धुकं इतकं की हात लांब केला तर बोटं दिसायची न्हाईत. दवानं साड्या जड झाल्यात, थेंब थेंब गळत्यात. आन् मग धुक्यातनं ती आली. सांबराची मादी. एस.टी.च्या टपाएवढी उंच. (निम्मी करा.) मागं पिल्लू, काड्यांसारख्या पायांचं. पयल्या कुंपणाजवळ येऊन थांबली. नाक वर करून वास घेतला, साडीच्या काठावर नाक ठेवलं, अगदी हळू, जसं बाई दुकानात साडीचा पोत बघती तसं. मग पलीकडचं दुसरं कुंपण दिसलं. कान पुढं. कान मागं. एक पाय उचलला आन् तसाच धरला.

"इचार करती हाय," सौंदर्या पुटपुटली. इतकी सुंदर हाय ही, असं तिला वाटलंच न्हवतं कवा. तिनं आजपतोर फक्त खाल्लेली झाडं बघितलीती.

मादीनं पाय आपटला. 'ढांक!' असा एकच आवाज केला, आन् पिल्लाला घिऊन वळली. धुक्यानं दोघांस्नी गिळून टाकलं.

सौंदर्या सोमेशकडं वळली. डोळ्यात पाणी.

"आता ती काय खाणार?"

"डोंगरावर हाय की. कारवी हाय, बांबूचं कोंब हायत. तुमचा गुलाब म्हंजे नुसता चटकमटक खाऊ हुता तिला." मग जरा थांबून म्हणाला, "आता तुमी कुणाच्या बाजूच्या?"

तिनं उत्तर दिलं न्हाय. दोघांच्या मधी मी घोरत हुते म्हणून. न्हायतर दिलं असतं.

*

सांबर परत बागेत शिरलं न्हाय. एक आठवडा, दोन, तीन. गुलाबास्नी हे लांब लांब शेंडं आलं. बसलिंगाप्पा येऊन बघून जायचा, मिशीत "हं" म्हणायचा. त्येचं "हं" म्हंजे लोकांची शाबासकी.

सगळं चांगलं झालं, आन् तितंच घोटाळा झाला.

हरीण न्हाय तर लेंड्या न्हाईत. लेंड्या न्हाईत तर सोमेश यायला कारण न्हाय.

त्या आयतवारी दोघं दारातल्या दगडावर बसलीती. मधी चहाचं कप गार व्हायला लागलेलं.

"नमुनं संपलं हितलं," सोमेश म्हणाला. "पुढच्या आयतवारपास्नं आजऱ्याकडच्या जंगलात जायला लागंल."

"व्हय की. लांब हाय ते."

"लांब हाय."

"कुंपण टिकलं म्हंजे."

"टिकलं की. चांगलंच झालं."

"चांगलंच झालं," सौंदर्या म्हणाली, आन् कपातली साय बोटानं काढून फेकली. तिला साय लई आवडती.

जाताना त्येनं एका चिठ्ठीवर घराखालच्या दुकानाचा फोन नंबर लिवून दिला. "हरीण परत आलं तर... कळवा."

"आन् न्हाय आलं तर?"

त्यो दोन कुंपणं बघून थांबलेल्या सांबरागत पाय उचलून उभा राह्यला, आन् सायकलीवर बसून गेला. मी चुलीपुढनं बघत हुते. मला दोघांच्या टाळक्यात लाटणं घालावंसं वाटलं.

मंगळवारी सांजंला सौंदर्या गावातल्या एस.टी.डी. बूथवर गेली. कुणाला काय म्हणाली ते बूथवाल्यानं मला जसंच्या तसं सांगितलं.

"हरीण आलंय."

"आं? खरं? किती झाडं?"

"दोन. गुलाबाची."

"सांबर?"

"...व्हय. लई मोठ्ठं."

*

त्येनं आयतवारची वाट बघितली न्हाय. बेस्तरवारी दुपारीच एस.टी.तनं उतरला. पर त्येच्या आधी तिथं आमचा शेजारी गुंडू पोचलाता. गुंडूनं गुलाबाचं उडालेलं शेंडं बघितलं, आन् बांधावरनंच बोंब ठोकली, "बसलिंगाप्पा! हरीण शिरलं रं परत!"

बसलिंगाप्पा आला. गुलाब बघितलं. दसऱ्याला नऊ दिस राह्यलेलं. 

"झालं," त्यो म्हणाला. वरडला न्हाय. वरडला असता तर बरं झालं असतं. "पोरी, तू लई केलंस. पर साड्यांनी हरणं थांबत न्हाईत. आता दसऱ्याची वाट कशाला बघायची? गुंडू, तुझा ट्रॅक्टर सोमवारी लावून दे. आडवं-उभं नांगरून टाक."

सौंदर्याचा चेहरा चुन्यागत पांढरा. ती सोमेशकडं बघाय लागली.

सोमेश गुलाबाजवळ बसलाता. त्येनं फांदीचं टोक बोटावर घेतलं. गुळगुळीत. तिरकं. कुठं एक चिंधी न्हाय, आन् सशाचं त्वांड पोचणार न्हाय इतक्या उंचावर. त्येनं मान वर केली आन् सौंदर्याकडं बघितलं, आन् तिला कळलं की त्येला कळलंय.

आता बघा पेच. त्येनं तोंड उघडावं तर पोरीची बाप आन् शेजाऱ्यादेखत अब्रू जाती. गप बसावं तर सोमवारी ट्रॅक्टर. पोरगा ती फांदी बोटात फिरवत बसला. चष्म्याच्या मागं डोळं नुसतं उघडझाप.

"अप्पा," सौंदर्या म्हणाली.

"आता काय बोलू नको पोरी."

"अप्पा, हरीण आलंच न्हाय. तीन आठवडं झालं, एकबी आलेलं न्हाय. हे मी कापलंय. कात्रीनं."

गुंडूच्या तोंडातली सुपारी तोंडातच राह्यली.

"तू?" बसलिंगाप्पा म्हणाला. "सोताची झाडं? का?"

ती खाली बघत हुती. पायाचा अंगठा मातीत रुतलेला. मला वाटलं, आता ही पळून जाती. पर माझी नात हाय ती. तिनं मान वर केली, बापाकडं न्हाय, सरळ सोमेशकडं बघितलं.

"हरीण आलं तरच... हे येणार हुतं. म्हणून."

वारंबी थांबलं. सगळ्या साड्या खाली लोंबल्या.

बसलिंगाप्पानं लई वेळ मिशीवरनं हात फिरवला. मग बागेतनं एक चक्कर मारून आला, आन् म्हणाला, "तू किती कापलीस?"

"दोन. हे दोन गुलाब."

"मग तिकडं कोपऱ्यात, खताच्या ढिगामागं दोन जास्वंदी कापलेल्या हायत त्या?"

"जास्वंद?" सौंदर्या गोंधळली. "जास्वंद मी न्हाय कापली, अप्पा. शपथ."

सोमेशनं घसा साफ केला. खिशात हात घातला. नमुनं कापायची बारकी कात्री काढून त्येनं बसलिंगाप्पाच्या म्होरं मातीत ठेवली, शस्त्र खाली ठेवावं तशी.

"त्या मी," त्यो म्हणाला. "गेल्या आयतवारी. जाताना. म्हटलं... ह्यास्नी दिसलं म्हंजे फोन तरी करतील."

"तुमी?" सौंदर्या त्येच्यावरच वरडली. "मला शिकवताय हरीण हिसका मारून तोडतंय म्हणून, आन् सोताला एवढं सरळ कापताय? हिसका मारायला काय झालंतं?"

"हिसका मारला असता तर झाडाची साल सोलली असती. हात धजला न्हाय." त्येनं चष्मा नीट केला. "तुमी का न्हाय मारला?"

"...माझाबी धजला न्हाय."

बसलिंगाप्पा आळीपाळीनं दोघांकडं बघत हुता. "शिवशिवा! जनावर आत येऊ ने म्हणून दोन दोन कुंपणं घातली, आन् चोर आतच! अरं, ह्यापेक्षा हरणं बरी हुती की. ती खात तरी हुती!"

गुंडू पयल्यांदा हसला. मग मी. मग सून आतनं पदर तोंडाला लावून. बसलिंगाप्पा हसला न्हाय, पर त्येची मिशी हलाय लागली.

"म्हंजे हरीण तीन आठवड्यात आत आलंच न्हाय?"

"न्हाय, काका," सोमेश म्हणाला.

"मग कुंपण टिकलं म्हणायचं. गुंडू, ट्रॅक्टर ऱ्हाऊ दे. नर्सरी ऱ्हाईल." आन् सोमेशकडं वळून आवाज चढवून म्हणाला, "आन् तुमी, पावणं! परत माझ्या झाडाला कात्री लावली तर बघा. यायचं असंल तर सरळ दारातनं यायचं. आन् येताना आई-वडलांस्नी घिऊन यायचं. लेंड्यांचं निमित्त चालणार न्हाय!"

सोमेश व्हय म्हणाला का काय म्हणाला, कुणालाच ऐकू आलं न्हाय. सगळी घराकडं वळली. ती दोघंच मागं राह्यली, गुलाबाच्या दोन्ही बाजूला दोघं.

"सोमेश," सौंदर्या म्हणाली. पयल्यांदा नुसतं नाव.

"हं?"

"हे मला आधी सांगितलं असतंस तर माझं दोन गुलाब वाचलं असतं."

"आन् तू आधी सांगितलं असतंस तर माझ्या दोन जास्वंदी."

"तुझ्या? जास्वंदी माझ्या हायत!"

"बरं... आपल्या."

ती लाल झाली. काय लाल, काय लाल! लांबनं मला वाटलं गुलाब परत फुलला.

दसऱ्याच्या आसपास गुलाब छाटायचा असतोयच. त्यामुळं कापलेल्या झाडांचं काय वाईट झालं न्हाय. उलट त्यास्नीच आधी फूट आली, आन् मार्गशीर्षात साखरपुड्याला मंगळवार पेठेतली मंडळी आली तवा सगळ्या बागेत फुलं काय ती त्याच झाडांवर.

बसलिंगाप्पा पावण्यांस्नी बाग दाखवत हुता. दाखवता दाखवता थांबला. बोटानं मोजाय लागला. दोन गुलाब पोरीचं. दोन जास्वंदी जावयाच्या. आन् हे विहिरीकडचं पाचवं झाड? ह्येला कुणी कातरलंतं?

त्येनं माझ्याकडं बघितलं. मी डोंगराकडं बघितलं.

म्हातारपणी बोटं दुखत्यात माझी, कात्री धरवत न्हाय. हे गावात कुणालाबी विचारा. पर एक सांगते, सगळ्यात जास्त फुलं त्या पाचव्या झाडाला आलती. दोनशे.

बरं, निम्मी करा.